गस्तीच्या नकाशातील कोरी जागा

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. परतवाड्यात राहणारी आपली कन्या बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेळघाटात वनरक्षक असलेल्या मामांच्या मोबाइलवरील गस्तीच्या नोंदी पाहिल्यापासून शिकार रोखण्याच्या तंत्रज्ञानातच काम करायचे, असे तिने मनाशी ठरवले आहे. यात पोट भरेल की पुण्याच्या कंपनीतील नोकरीच बरी, असे आपण विचारता.

पगाराचे आधी स्पष्ट सांगतो. या क्षेत्रातील बहुतेक जागा प्रकल्पापुरत्या व कंत्राटी असतात आणि सुरुवातीला आयटी कंपनीची बरोबरी होत नाही. हे मान्य असेल तरच पुढचे वाचावे.

मामांच्या मोबाइलमध्ये बहुधा एम-स्ट्राइप्स ही गस्तीच्या नोंदी ठेवणारी प्रणाली असावी. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात वाघ कागदावर उरले आणि जंगलातून नाहीसे झाले, हे 2005 मध्ये उघड झाल्यानंतर नोंदवहीवर विसंबण्याचे दिवस संपले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी 2010 मध्ये ही प्रणाली आणली. वनरक्षक चालू लागला की त्याचा माग जीपीएसवर उमटतो, आणि वाटेत दिसलेली विष्ठा, पगमार्क, तोडलेले झाड किंवा फासा यांची नोंद स्थळ-वेळेसह होते. आफ्रिका आणि आशियातील अनेक देशांत हेच काम ‘स्मार्ट’ नावाची मोफत प्रणाली करते.

मात्र नोंदी गोळा होणे आणि त्यांचा अर्थ लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या कन्येसाठी खरे काम दुसऱ्या गोष्टीत आहे. समजा, एका बीटच्या, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या क्षेत्राच्या, महिनाभराच्या नकाशावर जीपच्या रस्त्यालगत मागांच्या रेषा दाट आहेत, तिथे चार फासे सापडले आहेत, आणि नाल्यापलीकडचा उतार पूर्ण कोरा आहे. नवशिक्या माणूस रस्त्याला धोकादायक आणि उताराला सुरक्षित ठरवतो. परंतु रस्त्यालगत साठ किलोमीटर चालून चार फासे आणि उतारावर केवळ तीन किलोमीटर चालून एकही नाही, एवढ्यावरून उताराबद्दल काहीच ठरत नाही. तिकडे कुणी पुरेसे गेलेलेच नाही. म्हणून फासे नुसते न मोजता दर किलोमीटरमागे मोजावे लागतात, आणि कोऱ्या जागेकडे संशयानेच पाहावे लागते. झुडपात पानांखाली बसवलेला, दुचाकीच्या क्लच वायरचा फासा जवळून जाणाऱ्यालाही दिसत नाही, हेही हिशेबात धरावे लागते.

याच अडचणीवर संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पॉज’ ही प्रणाली उभी केली. जुन्या गस्तींच्या नोंदींवरून पुढचा फासा कुठे असण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज ती बांधते. युगांडातील क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानात तिची प्रत्यक्ष चाचणी झाली. आपल्याकडे विदर्भात शिकारीचा एक प्रकार वीजवाहिनीवर आकडा टाकून तारांमध्ये प्रवाह सोडण्याचा आहे. तेव्हा इथे गस्तीच्या नकाशावर वीजवाहिन्या आणि जंगलालगतची शेते चढवून पाहणे, हे मला कोणत्याही आयात केलेल्या मॉडेलइतकेच मोलाचे वाटते.

अभ्यासाविषयी. संख्याशास्त्र, पायथन किंवा आर यांपैकी एक संगणकभाषा, आणि नकाशे तयार करण्याचे क्यूजीआयएस हे तिने पदवीच्या काळातच शिकावे; यांपैकी कोणत्याही सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. पुढे पुण्यातील सिम्बायोसिसची भूमाहितीशास्त्राची संस्था, डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था किंवा भारतीय वन्यजीव संस्था हे मार्ग आहेत. भारतीय वनसेवेचा विचार असेल तर पदवीत गणित किंवा संख्याशास्त्र यांसारखा पात्र विषय असल्याची खात्री आजच करून घ्यावी, कारण नुसत्या संगणकशास्त्राच्या भरवशावर राहिल्यास अर्ज अडकू शकतो. आणखी एक: दुर्मीळ प्राण्यांची ठिकाणे दाखवणारा नकाशा शिकाऱ्याच्या हाती पडला तर त्याची पायपीटच वाचते, म्हणून माहितीच्या सुरक्षिततेचा एखादा अभ्यासक्रम तिने जरूर करावा.

या सुट्टीत तिने जंगलात जाण्याची घाई करू नये. मामांच्या प्रत्यक्ष नोंदीही मागू नयेत; त्या त्यांच्या खात्याच्या आहेत. त्याऐवजी आपल्याच शिवारात महिनाभर रोज मोबाइलवर माग नोंदवत चालावे, तोडलेल्या झाडांची नोंद करावी आणि दर किलोमीटरमागे किती झाडे तोडलेली दिसली याचा नकाशा काढावा. त्यावर कोणत्या जागा कोऱ्या राहिल्या आणि का, हे एका पानात लिहून मला पाठवावे. पुढच्या शिक्षणाचे त्यानंतर ठरवू.

आपला,
करिअर मार्गदर्शक