पहिलं चित्र घेण्याआधी

जुनी छापील प्राणिचित्रं जमवायला लागलात, तर अमेरिकन चित्रकार ऑड्युबॉनच्या सस्तन प्राण्यांचं मोठं पान घ्यायची घाई नको. १८४५ ते १८४८ मध्ये निघालेली ती १५० शिळाछाप (दगडावरून छापलेली) चित्रं फिलाडेल्फियात छापून हाताने रंगवलेली. किंमत ऐकूनच घाम फुटतो. सुरुवात स्कॉटिश निसर्गअभ्यासक विल्यम जार्डिनच्या, एडिंबरोत निघालेल्या प्राणिपुस्तकांच्या मालिकेतल्या छोट्या पानांनी करा. पोलादी पत्र्यावर कोरलेली, बहुतेकांत रंग फक्त प्राण्याला, मागचं रान काळं-पांढरंच. मला तर तीच जास्त आवडतात.

पैसे देण्याआधी दहापट भिंग लावा. सारख्या अंतरावर रांगेत रंगीत ठिपके दिसले, तर ती अलीकडची छपाई. शिळाछापातही दाणे दिसतात, पण वेडेवाकडे. हाताच्या रंगात कुंचल्याचे फराटे असतात, कुठेतरी रंग रेषेबाहेर गेलेला असतो. कोरीव चित्राभोवती पत्र्याचा दाब बोटाला लागतो, समास कापला नसेल तर. (शिळाछापाला तो नसतोच, शोधत बसू नका.) रंग फारच तजेलदार वाटला तर सरळ विचारा, नंतर कुणी भरलाय का? बिनरंगाची जुनी चित्रं रंगवून विकणारे बरेच आहेत.

थोडे तांबूस डाग चालवून घ्या. मागे आम्लरहित पुठ्ठाच लावा आणि उन्हात टांगू नका. माझा पहिला कोल्हा पश्चिमेच्या खिडकीसमोर पांढराफटक झाला.