अकॅडमीच्या यादीत नाव नसेल तर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. फुटबॉल अकॅडमीच्या यादीत नाव नाही म्हणून धड जेवतही नाहीस, असं आईकडून कळलं. मला मात्र तू युरो २०१६ मधली, वेल्सचा तेव्हाचा कर्णधार ॲशली विल्यम्सने बेल्जियमविरुद्ध मारलेल्या हेडरची क्लिप पाठवलीस, आणि खाली लिहिलंस, 'सर, यालाही काढलं होतं.'

काढलं होतं, खरं आहे. वॉल्व्हरहॅम्प्टनमध्ये जन्मलेला हा पोरगा १६ वर्षांचा असताना वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने त्याला नको म्हणून सांगितलं. पण त्या वर्षी इंग्लंडभरच्या अकॅडम्यांनी अशी कितीतरी पोरं घरी पाठवली असतील, आणि त्यांच्या क्लिपा कुणी कुणाला पाठवत नाही. तेव्हा 'त्याचं झालं, म्हणजे माझंही होणार' हा हिशेब आधी डोक्यातून काढ. तो मधल्या वर्षांत काय करत होता, तेवढं बघ.

तो हेडन्सफर्ड टाउन या छोट्या क्लबात गेला. व्यावसायिक लीगच्या खालचं फुटबॉल, त्यावर पोट भरत नाही. पेट्रोल पंपावर, वेटर म्हणून, ड्रेटन मॅनर नावाच्या मनोरंजन पार्कात अशी मिळेल ती कामं त्याने केली आणि जोडीला खेळत राहिला. यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते कष्ट नव्हेत, कष्ट सगळेच करतात. तो मॅच खेळत होता, पोरांच्या नाही, मोठ्या माणसांच्या. सेंटर बॅकला, म्हणजे बचावफळीच्या मधल्या खेळाडूला, हे फार लागतं. अंगावर येणारा तिशीचा स्ट्रायकर कोपर कुठे लावतो, हे अकॅडमीच्या गुळगुळीत मैदानावर कुणी शिकवत नाही.

२००३ च्या शेवटच्या दिवशी स्टॉकपोर्ट काउंटीने त्याला घेतलं. हा क्लब पुढे इंग्लिश लीगच्या चौथ्या स्तरावर घसरला, तरी चार वर्षांहून जास्त काळ तो तिथेच होता. २००७ च्या सुरुवातीला याच संघाने लागोपाठ नऊ लीग सामने एकही गोल न खाता जिंकले. तो विक्रम होता. गोलमध्ये कोण होता माहीत आहे? लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडून उसना आलेला वेन हेनेसी. तुझ्या क्लिपमधल्या सामन्यात, लीलला, बेल्जियमसमोर वेल्सच्या गोलमध्ये उभा होता, तोच. चौथ्या स्तरावर जुळलेली जोडी नऊ वर्षांनी युरोच्या उपांत्यपूर्व फेरीत. (असल्या गोष्टी मला गोलांपेक्षा जास्त आवडतात, हे तुला ठाऊकच आहे.)

मार्च २००८ मध्ये तो लोनवर स्वान्सीला गेला, आणि त्याच महिन्यात लक्झेंबर्गविरुद्ध वेल्सकडून पहिला सामना खेळला. आईचे वडील वेल्सचे, त्या नात्याने. मग स्वान्सीने सुमारे ४ लाख पौंड मोजून त्याला कायमचं घेतलं. तिथे मात्र त्याला नव्याने शिकावं लागलं. मार्टिनेझ आणि नंतर रॉजर्स या प्रशिक्षकांच्या संघात सेंटर बॅकने बॉल नुसता लांब भिरकावून चालायचं नाही. गोलकीपरकडून पायात घ्यायचा, मान वर करायची, मिडफिल्डला द्यायचा. २०११ मध्ये संघ प्रीमियर लीगमध्ये गेला, २०१३ मध्ये लीग कप जिंकला. तुझ्या बाबतीत अकॅडमीने नेमकं हेच लिहिलंय ना, दबावाखाली पास चुकतो? मग ते कागद फाडायचे नसतात. भिंतीला लावायचे असतात.

आता त्या क्लिपकडे येतो. गोल बघून झाला की पूर्ण मॅच बघ. १३ व्या मिनिटाला बेल्जियमच्या नाइंगोलानने लांबून असा फटका मारला की वेल्सचे खांदे पडायला हवे होते. समोर जागतिक क्रमवारीतला दुसऱ्या क्रमांकाचा संघ. पण वेल्सची बचावफळी मागे सरकली नाही. ३१ व्या मिनिटाला वेल्सच्या रॅम्झीचा कॉर्नर, पेनल्टी बॉक्समध्ये सगळ्यांची पळापळ, आणि विल्यम्स मोकळा. हेडर त्याने खाली मारला, गोलकीपर कोर्टवाच्या उंचीशी स्पर्धा केली नाही. मग धावत सुटला तो थेट बेंचकडे. शेवटी ३-१. १९५८ नंतर वेल्सची ही पहिलीच मोठी स्पर्धा, आणि ते उपांत्य फेरीत.

त्याच मॅचमध्ये वेल्सच्या बेन डेव्हिसला आणि रॅम्झीला पिवळं कार्ड मिळालं. आधीचं एकेक होतंच, आणि दोन झाली की पुढचा सामना बंद. उपांत्य सामन्याला दोघेही बाहेर, आणि पोर्तुगालने २-० ने घरी पाठवलं. तुझी मागून शर्ट ओढायची सवय मी किती वेळा बोललोय, पुन्हा बोलत नाही.

एक गोष्ट मात्र विल्यम्सची उचलू नकोस. आधीच्या फेरीत, नॉर्दर्न आयर्लंडविरुद्ध, स्वतःच्याच सहकाऱ्याशी धडकून तो खांद्यावर आपटला आणि तरीही बाहेर यायला तयार झाला नाही. लोकांना ते शौर्य वाटलं. तो ३१ वर्षांचा कर्णधार होता, देशाची स्पर्धा होती. तू १७ चा आहेस. खांदा दुखला की मुकाट्याने बाहेर यायचं.

आणि पुढचंही वाच. त्याच उन्हाळ्यात एव्हर्टन या प्रीमियर लीगमधल्या क्लबाने त्याला सुमारे १ कोटी २० लाख पौंडांना घेतलं. दुसऱ्या हंगामात पाय जड झाले, त्याच्याच प्रेक्षकांनी त्याला सोलून काढलं. मग लोनवर स्टोक, मग ब्रिस्टल सिटी, आणि जानेवारी २०२१ मध्ये निवृत्ती. देशासाठी ८६ सामने खेळलेल्या माणसालाही क्लबने दुसरीकडे धाडलं. यादीतून नाव जाणं हे या धंद्यात एकदाच होत नाही, एवढ्यासाठी सांगतोय.

आता कामाचं. मोठ्या क्लबाच्या राखीव पोरांत बसायला मिळतंय म्हणून तू तिकडे ओढला जातोयस, असं दिसतं. मला ते पटत नाही. तू म्हणालास तो दुसरा क्लब लहान आहे, मैदानही खडबडीत आहे, पण दर रविवारी मॅच आहे. कॉलेज सोडायचं नाही, सकाळची लेक्चर्स चुकवायची नाहीत, हे घरी कबूल कर म्हणजे बाबाही आडवे येणार नाहीत. त्या क्लबाच्या कोचला दोनच गोष्टी विचार: सराव किती वाजता असतो, आणि त्यांच्याकडे डाव्या पायाचा सेंटर बॅक आहे का. उत्तर आलं की मला फोन कर, रात्री नऊनंतर.

तुझा,
सर