हातात पिशवी नसलेला दिवस

“मुलाकडे लंडनला तीन महिने राहायचे आहे. तो आणि सूनबाई सकाळी आठला घराबाहेर पडतात. मागच्या खेपेला मी बहुतेक दिवस खिडकीत बसून काढले. एकटीने शहर बघावेसे वाटते, पण वाट चुकले तर?” सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेने समुपदेशनाच्या पहिल्याच सत्रात मला हे विचारले. परदेशी मुलांकडे जाणारे अनेक आईवडील हाच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांच्या अनुमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव येथे मांडते आहे. सत्रांत मी त्यांना ताई म्हणत असे, येथेही तसेच म्हणते.

अशा वेळी मी एक गोष्ट आधी विचारून घेते. रोजच्या, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकते का, घराजवळ आल्यावर क्षणभर कुठे आहोत हे उमगेनासे होते का? उत्तर ‘हो’ असेल, तर चिंतेची चर्चा बाजूला ठेवून मी त्यांना आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवते, कारण ते स्मृतिभ्रंशाचे सुरुवातीचे लक्षण असू शकते आणि त्यात वेळ घालवणे योग्य नसते. ताईंचे तसे काही नव्हते. नोकरीची सगळी वर्षे त्या तालुक्याच्या गावी एसटीने एकट्या जात-येत होत्या.

“मला मुळात दिशाच कळत नाहीत,” हे त्यांचे पालुपद होते. त्यावर मी त्यांना लंडनच्याच टॅक्सीचालकांविषयी सांगितले. तेथील काळ्या टॅक्सीचा परवाना मिळवण्यासाठी मध्य लंडनमधल्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी २००० मध्ये दाखवून दिले की, या चालकांच्या मेंदूत स्थळांची स्मृती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. पुढे २०११ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी बाईंनी शिकाऊ चालकांच्या तपासण्या प्रशिक्षणाआधी व नंतर केल्या, तेव्हा जे अभ्यास करून उत्तीर्ण झाले त्यांच्यातच ही वाढ दिसली. दिशा कळणे हे बऱ्याच अंशी सरावाचे काम आहे, आणि ताईंना तो सराव कधी मिळालाच नव्हता. मुलाबरोबर फिरताना त्या त्याच्या पाठीकडे पाहत चालत असत.

पुढची दोन सत्रे मी माहितीवर घालवली. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टेकवावे लागते. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडण्याची सवय बदलावी लागत नाही. संकटात ९९९ हा क्रमांक लावायचा. ताईंनी सारे वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले आणि शेवटी म्हणाल्या, “सगळं कळलं. तरी मी जाणार नाही असंच वाटतंय.” येथे माझी चूक माझ्या ध्यानात आली. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी देत होते, पण त्यामागे काय आहे हे मी विचारलेच नव्हते.

मी म्हटले, “तुम्ही वाट चुकलात, असे धरून चालू. पुढे काय होईल?”

“मुलाला ऑफिसातून उठून यावं लागेल.”

“आला, तर?”

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “काही बोलणार नाहीत हो ते. पण मलाच वाटेल, कशाला गेले होते मी? काही काम होतं का?”

भीती होती ती मुलांना आपला त्रास होईल याची, आणि तोही निव्वळ स्वतःच्या हौसेपायी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत इच्छा आणि हट्ट यांत फरक केला जातो. ‘माझ्यामुळे कोणाला त्रास होऊ नये’ ही इच्छा झाली. ‘तो कधीही होताच कामा नये’ हा हट्ट, आणि चिंता वाढते ती या हट्टातून. आम्ही त्या हट्टाचे वाक्य पुन्हा लिहिले: त्रास झालाच तर तो मुलाच्या दीड तासाचा असेल, आणि त्याच्यासाठी मी आयुष्यभर असे कितीतरी तास दिले आहेत. हे दुसरे अर्धे वाक्य ताईंनी स्वतः जोडले.

पहिला गृहपाठ सोलापुरातलाच दिला. सिद्धेश्वर तलावाच्या काठी एक तास एकटीने, कोणत्याही कामाशिवाय चालून यायचे. पुढच्या सत्रात त्या म्हणाल्या, “गेले. पण निघताना भाजीची पिशवी घेतली, आणि येताना मेथीच्या दोन जुड्या आणल्या.” त्या पिशवीवर आम्ही अख्खे सत्र बोललो. कोणी विचारलेच तर दाखवायला ती पिशवी होती. विचारणारे कोणी नव्हते. यजमान जाऊन सहा वर्षे झाली होती. तीन आठवड्यांनी त्या रिकाम्या हातांनी गेल्या, आणि मला वाटते, लंडनचा खरा रस्ता त्या दिवशी मोकळा झाला.

लंडनला पोचल्यावर पायऱ्या लहान ठेवल्या: आधी घराभोवती एक फेरी, मग बसने चार थांबे जाऊन चालत परत. पूर्ण दिवसासाठी आम्ही थेम्सचा दक्षिण काठ निवडला, कारण वेस्टमिन्स्टर पुलापासून टॉवर ब्रिजपर्यंतच्या सुमारे ४ किलोमीटरच्या वाटेला एकच खूण पुरते. जाताना नदी डाव्या हाताला, परतताना उजव्या. मुलालाही मी एक विनंती केली. फोनवर आईचा ठावठिकाणा पाहत राहायचे नाही, आणि दुपारी एकच निरोप पुरे मानायचा. दर वीस मिनिटांनी खुशाली विचारणारा माणूस प्रेमापोटीच विचारतो, पण त्यातून समोरच्याला कळते ते एवढेच, की आपण धोक्यात आहोत. हे मान्य करणे मुलाला आईपेक्षा जड गेले.

वॉटर्लू पुलाखाली जुन्या पुस्तकांची मेजे मांडलेली असतात. तेथे ताई तासभर रमल्या. टेट मॉडर्न या कलासंग्रहालयापर्यंत सारे सुरळीत झाले. त्यापुढे साउथवर्क पूल मागे पडला की वाट काठ सोडून क्लिंक स्ट्रीट या अरुंद गल्लीत शिरते आणि दोन्हीकडच्या उंच भिंतींमुळे नदी दिसेनाशी होते. विंचेस्टर राजवाड्याच्या पडक्या भिंतीतली गोल दगडी खिडकी पाहत त्या थांबल्या, पुढे बरो मार्केटच्या गर्दीत शिरल्या आणि तेथे त्यांच्या लक्षात आले की डाव्या हाताला नदी नाही. घसा कोरडा पडला, तळहात घामेजले. फोन हातात होता, मुलाचे नाव पडद्यावर होते.

ठरल्याप्रमाणे त्या आधी एका बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि दहा श्वास मोजले. मग चौकातला पादचाऱ्यांसाठीचा नकाशाचा खांब शोधला. मध्य लंडनमध्ये असे खांब जागोजागी आहेत. त्यांवरचा नकाशा उत्तर वर ठेवून काढलेला नसतो. आपले तोंड ज्या दिशेला, ती दिशा वर असते, आणि पाच मिनिटांत चालत कुठवर जाता येईल ते वर्तुळ आखून दाखवलेले असते. ‘तुम्ही येथे आहात’ या खुणेवर ताईंनी बोट ठेवले. नदी त्या वर्तुळाच्या आतच होती. तरी खात्रीसाठी एका पावाच्या दुकानातल्या बाईंना विचारले, आणि त्या बाईंनी हात करून तीच दिशा दाखवली. फोन पर्समध्ये गेला.

मुलाला दुपारचा निरोप त्यांनी टॉवर ब्रिजजवळच्या बाकावरून पाठवला: “पोचले. जेवते आहे.” डब्यात सकाळी केलेले धपाटे आणि सोलापूरहून नेलेली शेंगाची चटणी होती. त्या दिवसाविषयी सांगताना ताईंनी पुलाचे वर्णन थोडक्यात आटोपले आणि त्या बाकाविषयी मात्र पुन्हा पुन्हा बोलत राहिल्या. “दोन तास बसले तिथे,” त्या म्हणाल्या. “कुणाची वाट बघत नव्हते.”