फायरवॉल असताना जुन्या ब्राउझर प्लग-इनचा खरंच धोका असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पतसंस्थेतल्या एका संगणकावर जुना जावा प्लग-इन (ब्राउझरला जोडलेला वेगळा प्रोग्राम) मुद्दाम ठेवला आहे, कारण डिजिटल सही लागणारं एक जुनं पोर्टल त्याशिवाय उघडत नाही. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) पाहायलाही त्याच मशीनवर मायक्रोसॉफ्टचं प्लग-इनसारखं अ‍ॅक्टिव्हएक्स लागतं. फायरवॉल आहे, बाहेरून कोणी आत शिरू शकत नाही, तरीही ऑडिटर हरकत घेतो. त्याचं बरोबर आहे का?

बरोबर आहे. आणि का बरोबर आहे ते नीट समजून घ्या, कारण नुसतं ऑडिटर म्हणतो म्हणून प्लग-इन काढलात तर सहा महिन्यांनी कोणीतरी तो परत टाकेल.

बाहेरून कोणी आत शिरू शकत नाही, यावर तुमचा सगळा भरवसा आहे. पण प्लग-इनच्या ज्या दोषांबद्दल मी सांगणार आहे त्यात बाहेरून कोणी शिरतच नाही. तुमचा ब्राउझर स्वतः बाहेर जाऊन एक पान घेऊन येतो. पानाबरोबर एक छोटा प्रोग्राम येतो आणि तुमच्याच मशीनवर, म्हणजे फायरवॉलच्या आतल्या बाजूला, चालू होतो. तिथून तो डीव्हीआरशी, प्रिंटरशी, राउटरशी बोलू शकतो. फायरवॉलच्या नोंदीत एवढंच दिसतं की शाखेतल्या कोणीतरी एक वेबसाइट उघडली.

जावा बनवणाऱ्यांना हा धोका सुरुवातीपासून माहीत होता. म्हणून त्यांनी पानाबरोबर येणाऱ्या जावाच्या प्रोग्रामसाठी, म्हणजे अ‍ॅप्लेटसाठी, नियम घातला: अ‍ॅप्लेट ज्या सर्व्हरवरून आलं, फक्त त्याच सर्व्हरशी ते जोडणी करू शकेल. नियम उत्तम होता. घोडं अडलं ते ‘तोच सर्व्हर’ ओळखायचा कसा, इथे.

फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ड्रू डीन, एडवर्ड फेल्टन आणि डॅन वॉलॅक यांनी ही ओळख किती कच्ची आहे ते दाखवून दिलं. तेव्हाच्या नेटस्केप २.० मध्ये तपासणी अशी होती: अ‍ॅप्लेट ज्या नावाच्या सर्व्हरवरून आलं त्या नावाचे सगळे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे आकड्यांतले पत्ते) डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारायचे, ज्या नावाशी त्याला जोडायचंय त्याचेही सगळे पत्ते विचारायचे, आणि दोन्ही याद्यांत एक जरी पत्ता सारखा निघाला तरी परवानगी द्यायची. आता विचार करा, हल्लेखोराच्या डोमेनचं डीएनएस कोण चालवतो? हल्लेखोरच. तो आपल्या एका नावासाठी दोन पत्ते सांगतो, एक स्वतःच्या सर्व्हरचा आणि एक तुमच्या आतल्या मशीनचा. याद्या जुळतात, तपासणी पास होते, आणि जोडणी होते ती तुमच्या आतल्या मशीनशी. ज्याच्यावर संशय घ्यायचा, त्यालाच साक्षीदार केलं होतं.

५ मार्च १९९६ ला सर्ट या अमेरिकेतल्या संगणक-सुरक्षा संस्थेने यावर जाहीर सूचना काढली. दुरुस्ती सोपी होती आणि लगेच आली: नावावर विसंबायचं नाही, अ‍ॅप्लेट प्रत्यक्ष ज्या आयपी पत्त्यावरून आलं तोच धरून ठेवायचा. यालाच पुढे पिनिंग म्हणू लागले.

इथे विषय संपायला हवा होता. तो संपला नाही, आणि माझ्या मते खरा धडा इथून पुढे आहे. प्लग-इन म्हणजे ब्राउझरच्या घरात राहणारा, पण स्वतःचं वेगळं दार असलेला पोटभाडेकरू. ब्राउझर आपल्यापुरता पत्ता पिन करून ठेवायचा. जावा स्वतःच्या वाटेने डीएनएसला विचारायचा आणि आपला वेगळा पिन ठेवायचा. फ्लॅश या चलचित्रं दाखवणाऱ्या प्लग-इनचा तिसराच. तिघांचेही पिन आपापल्या जागी चोख, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. हल्लेखोराने डीएनएसचं उत्तर मध्येच बदललं की पान एका पत्त्यावरून यायचं आणि प्लग-इन त्याच नावाने दुसऱ्याच पत्त्यावर जायचा. नाव एकच, त्यामुळे नियम मोडल्यासारखं कोणालाच वाटायचं नाही.

२००७ मध्ये स्टॅनफर्डच्या कॉलिन जॅक्सन, अ‍ॅडम बार्थ, डॅन बोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर शोधनिबंध लिहिला. त्यांनी एका जाहिरात जाळ्यावर फ्लॅशची जाहिरात लावून हे किती जणांवर चालेल ते मोजलं. त्यांचा हिशेब असा निघाला की शंभर डॉलरहून कमी खर्चात एक लाख आयपी पत्ते तात्पुरते ताब्यात घेता येतील. जाहिरातीवर क्लिक करायचीही गरज नव्हती, ती पानावर दिसली की पुरे. ‘आमची माणसं भलत्या साइटवर जात नाहीत’ असं कोणी म्हणालं की मला हा आकडा आठवतो. जाहिरात साध्या बातमीच्या पानावरही असते. एप्रिल २००८ मध्ये अ‍ॅडोबने फ्लॅशचे नियम कडक केले: फ्लॅशला दुसऱ्या मशीनशी थेट जोडणी (सॉकेट) उघडायची असेल तर समोरच्या मशीनने आधी स्वतःहून परवानगीची फाइल द्यायला हवी. हे मला योग्य वाटतं, कारण यात ज्याच्या दारात जायचं त्यालाच विचारलं जातं.

नाव आणि पत्ता यांची गल्लत जावात उलट्या बाजूनेही आहे. जावातला यूआरएल हा वर्ग, म्हणजे वेबपत्ता हाताळणारा तयार कोड, दोन नावांचा आयपी पत्ता एकच आला तर ती दोन्ही सर्व्हरची नावं एकच समजतो. स्वस्त होस्टिंगवर शेकडो वेबसाइट एकाच पत्त्यावर नांदतात. सुरक्षेचा निवाडा अशा तुलनेवर सोपवला तर शेजाऱ्याची साइट आपलीच ठरते.

२००९ च्या सुमारास मी एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळायचो. स्टॅनफर्डचा तो निबंध वाचून मी आणि माझा एक सहकारी सुट्टीच्या दिवशी आमच्याच दोन मशीनवर प्रयोग करायला बसलो. एका मशीनवर डीएनएस सर्व्हर, दुसऱ्यावर जुना जावा असलेला ब्राउझर. दुपारपर्यंत आमच्या अ‍ॅप्लेटने आतल्या प्रिंटरचं सेटिंगचं पान वाचून बाहेरच्या मशीनकडे पाठवलं. प्रिंटरला पासवर्ड नव्हता, कारण ‘आतलंच तर आहे’. राउटरला होता, पण तो खोक्यावर छापलेलाच. आम्ही दोघेही काही वेळ गप्प बसलो. फायरवॉलची वार्षिक देखभाल फी मीच मंजूर करून घेतली होती, आणि ती फायरवॉल आपलं काम अगदी चोख करत होती.

आता तुमच्या मशीनकडे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये या जुन्या पद्धतीचे प्लग-इन बंद केले, फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. म्हणजे तुमचा जावा चालतोय तो एकतर जुन्या ब्राउझरमध्ये, नाहीतर एज ब्राउझरच्या आयई मोडमध्ये (जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं चालायची सोय). जुना ब्राउझर असेल तर धोका दुप्पट, कारण त्याच्या स्वतःच्या भोकांनाही आता कोणी ठिगळ लावत नाही.

अ‍ॅक्टिव्हएक्सची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट आहे. जावात निदान एक कुंपण होतं, भले त्याला भगदाडं असोत. अ‍ॅक्टिव्हएक्सच्या घटकाला मुळात तसं कुंपणच नाही. एकदा ‘चालू द्या’ म्हटलं की तो लॉग-इन केलेल्या माणसाच्या पूर्ण अधिकाराने चालणारा साधा विंडोज प्रोग्राम असतो. डीव्हीआरबरोबर आलेला घटक कोणी लिहिला आणि शेवटचा कधी तपासला, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

प्लग-इन काढले म्हणजे हा प्रकार कायमचा मिटला असं मात्र समजू नका. जानेवारी २०१८ मध्ये गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडीने ट्रान्समिशन या टॉरेंट प्रोग्राममध्ये हाच डीएनएसचा डाव दाखवला, आणि त्यात कुठलाही प्लग-इन नव्हता, साधी जावास्क्रिप्ट होती. फरक एवढाच की आता बंदोबस्त कुठे करायचा ते माहीत आहे. आतल्या यंत्राने विनंतीतलं यजमानाचं नाव (ज्या सर्व्हरच्या नावाने मागणी आली ते) तपासावं, अनोळखी नाव आलं तर उत्तर देऊ नये. आतलं पान एचटीटीपीएसवर असेल तर प्रमाणपत्र हल्लेखोराच्या नावाशी जुळत नाही आणि डाव तिथेच फसतो. आणि ऑफिसच्या डीएनएसने बाहेरून आलेल्या उत्तरात १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे खाजगी पत्ते दिसले तर ती उत्तरं फेकून द्यावीत. डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस प्रोग्राम वापरणाऱ्या राउटरवर यासाठी तयार पर्याय असतो. तुमच्या नेटवर्कवाल्याला ‘रीबाइंड प्रोटेक्शन’ असं नाव घेऊन विचारा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पतसंस्थेतल्या सगळ्या मशीनना त्याचा फायदा होतो.

एका मशीनवरची दोन कामं आधी वेगळी करा. ज्या मशीनवर डीव्हीआर पाहता, त्याला इंटरनेटची गरजच नाही. त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी पत्ता हाताने भरा आणि गेटवे (बाहेर जायची वाट) व डीएनएस हे दोन्ही रकाने रिकामे ठेवा. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) चालू असेल तर तेही बंद करा. डीव्हीआर त्याच नेटवर्कवर असेल तर तो दिसत राहील, बाहेरचं काहीही उघडणार नाही, आणि बाहेरचं पानच येत नाही तिथे पानाबरोबर येणारा प्रोग्रामही येत नाही.

जावावालं मशीन याच्या उलट. त्याला इंटरनेट लागतं, पण फक्त त्या एका पोर्टलपुरतं. फायरवॉलमध्ये त्या मशीनला तेवढाच पत्ता मोकळा ठेवा, बाकी सगळं बंद, मेलसुद्धा. आतल्या नेटवर्कपासूनही ते तोडा, राउटरवर वेगळं पोर्ट किंवा व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क) देऊन. पोर्टलवाल्यांना लेखी विचारा की जावाशिवाय सही करायची सोय आहे का. बऱ्याच पोर्टलनी अ‍ॅप्लेट काढून संगणकावर बसवायचा सहीचा छोटा प्रोग्राम आणला आहे आणि जुन्या ग्राहकांपर्यंत ती बातमी पोचलेलीच नसते. त्यांचं उत्तर काहीही येवो, ते पत्र ऑडिटरच्या फाइलला जोडा.