सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं हर्नियाचं छोटंसं ऑपरेशन आहे, तरी डॉक्टर म्हणतात रात्रभर एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवू, व्हेंटिलेटर लागू शकतो. हा पैसे उकळण्याचा प्रकार आहे का?

नाही. आणि हे तुम्हाला भूलतज्ज्ञांनी सांगितलं असेल, तर त्यांचा हात सोडू नका.

तुम्ही लिहिलंय, बाळ 29 आठवड्यांचं असताना जन्मलं आणि आता 11 आठवड्यांचं आहे. बेरीज 40. म्हणजे पूर्ण दिवस भरले असते तर ते आत्ता कुठे जन्माला आलं असतं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाची ही बेरीज 60 च्या आत असेल, तर भुलीनंतर काही तासांनीही श्वास थांबू शकतो. ऑपरेशन दहा मिनिटांचं की दोन तासांचं, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

मी स्वतः भूलतज्ज्ञ. 2009 साली एका तालुक्याच्या गावी असंच बाळ आलं होतं. 30 आठवड्यांचं जन्मलेलं, वय दहा आठवडे, वजन 2 किलो 600 ग्रॅम, हिमोग्लोबिन 8.4. हिमोग्लोबिन दहाच्या खाली असलं की धोका आणखी वाढतो. सर्जन म्हणाले, "अहो मॅडम, हर्निया आहे, हार्ट नाही." ऑपरेशन झकास झालं, श्वासाची ट्यूब टेबलावरच काढली, बाळ रडलं, दूध प्यालं. संध्याकाळी आजीने पिशव्या भरल्या. मी डिस्चार्जला नाही म्हटलं. सर्जन सगळ्यांदेखत हसले.

रात्री साडेनऊला सिस्टरांची हाक आली. श्वास बंद, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) 60. तळपायाला टिचक्या मारल्या, चालू झाला. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टिचक्यांना दाद मिळेना, मग तीन नंबरची ट्यूब घातली. हॉस्पिटलात व्हेंटिलेटर एकच, तोही मोठ्या माणसांचा. एवढ्या बाळाला एका श्वासाला लागते साधारण 15 मिली हवा, म्हणजे तीन चहाचे चमचे. जास्त गेली तर फुप्फुस फाटतं. म्हणून हाताने दाबून श्वास द्यायची जॅक्सन रीसची पिशवी हातात घेतली आणि मी नि सिस्टर आळीपाळीने दाबत बसलो, अँब्युलन्समध्येसुद्धा. अडीच तास. हात दुखत नाही, बोटं बधिर होतात. शहरात बाळाला लहान मुलांच्या व्हेंटिलेटरवर घेतलं, दुसऱ्या दिवशी दुपारी ट्यूब निघाली. बाळ नीट घरी गेलं.

सकाळी मात्र सर्जनसाहेब नातेवाइकांना काय म्हणाले? "भूल जरा जास्त झाली." गावात पुढची दोन वर्षं मी 'ती जास्त भूल देणारी' होते.

सर, तुम्ही किंवा तुमचे विद्यार्थी वाचत असतील तर ऐका. भूल जास्त झालेलं बाळ टेबलावर रडत नाही, दूध पीत नाही. सेव्होफ्लुरेन, म्हणजे हुंगवायचं भुलीचं औषध, तोवर उतरलं होतं. अशा बाळाच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्रच अजून कच्चं असतं, भुलीचा उरलासुरला अंशही त्याला पुरतो. बरं, भूल दिली नसती तर त्या रात्री हे बहुधा झालं नसतं, एवढं मला मान्य आहे. पण मग ऑपरेशनही झालं नसतं.

तर तुमचं. सर्जन कोण, हे सगळे विचारतात, तुम्ही भूल कोण देणार ते विचारा. आदल्या दिवशी त्यांना भेटा, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट दाखवा, बाळाचा श्वास पूर्वी असा कधी थांबला होता का ते सांगा. कॅफीन देणार का विचारा. हो, कॉफीतलंच, या बाळांत ते श्वासाला चालना देतं. पाठीत सुई देऊन जागेपणी ऑपरेशनही होतं, त्याने पहिल्या अर्ध्या तासातला धोका कमी होतो, पण नंतरची देखरेख सुटत नाही. निदान बारा तास श्वास एकदाही न थांबता गेल्याशिवाय घरी नेऊ नका. आणि व्हेंटिलेटर लावलाच तर "मशीनवर टाकलं" म्हणून घरात रडारड नको. बहुतेकदा एखाददोन दिवसांचा प्रश्न असतो.

बिलाचं मला विचारू नका, ते हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी लेखी घ्या. आणि बाळाला न बघता लिहितेय, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा जुना त्रास असेल तर वरचं सगळं कमी पडेल. मीही अलीकडे लहान बाळांच्या केसेस घेत नाही. बोटं आता तेवढा वेळ चालत नाहीत.