फडावर जायच्या आधी

ऊसतोड कामगारांना भेटायचं तर दुपारी फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसात, जाऊ नकोस. पहिल्या वर्षी मी वही-पेन घेऊन इथल्या, कर्नाटकातल्या अथणीकडच्या एका फडात गेलो होतो. टोळी आणणाऱ्या मुकादमासमोर कोण तोंड उघडणार? माझ्यामुळे एका जोडीला दिवसभर शिव्या खाव्या लागल्या. संध्याकाळी चुली पेटल्यावर त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जा, सोबत एखादी ताई घेऊन.

आपल्याकडे बीडकडचे बरेच तोडकरी येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, बहुधा नवऱ्याच्या नावावर, राबणं दोघांचं, हिशेब मुकादमाच्या वहीत. म्हणून आल्या आल्या कायदा सांगत बसू नकोस. उचल किती, टन किती झाले, वजनकाट्याची पावती कुणाकडे, एवढं विचार. त्यांच्या शाळेत जाणाऱ्या पोरीला हिशेबाची वेगळी वही घालून दे.

रेशनचं मात्र लगेच सांग. गावाकडचं कार्ड इथल्या दुकानातही चालतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

उचल फिटेपर्यंत जाऊ देत नसतील तर ती वेठबिगारी. 1976 चा कायदा ते कर्जच रद्द ठरवतो. अर्ज डीसी (जिल्हाधिकारी) किंवा एसी (प्रांताधिकारी) ऑफिसला दे, आणि कन्नडमध्येच. सीमाप्रश्नावरचं तुझं मत (माझंही आहेच की!) त्या दिवशी घरी ठेव, भाषेवरून वाद पेटला की कोयत्याचा प्रश्न बाजूलाच राहतो. सुटकेचा दाखला हातात पडल्याशिवाय त्यांना गावाकडची गाडी भरू देऊ नकोस, पुढची सरकारी मदत त्यावरच मिळते.