सू शी वाचायचाय? मग थाओ युआनमिंग हाताशी ठेव

चिनी कवी थाओ युआनमिंगला (३६५–४२७) बाजूला ठेवलंस तर त्याच्या कितीतरी नंतरचा चिनी कवी सू शी (१०३७–११०१) तुला अर्धाच कळेल. थाओने ४०५ साली सरकारी नोकरी जेमतेम ऐंशी दिवसांत सोडली आणि शेती धरली. पगाराच्या पाच माप तांदळासाठी कुणापुढे वाकणार नाही, हा त्याचा किस्सा सगळीकडे सापडतो. त्यात रेंगाळू नकोस.

खरी गंमत पुढे आहे. १०९२ मध्ये यांगचौला असताना सू शीने थाओच्या मद्यपानावरच्या वीसही कवितांना जोडकविता लिहिल्या. नुसता विषय उचलला नाही, तर थाओच्या ओळींच्या शेवटी आलेले यमकाचे शब्द तेच आणि त्याच क्रमाने! पुढे ह्वेइचौ आणि हायनानच्या हद्दपारीत अशा जोडकवितांची संख्या शंभरावर गेली. म्हणून दोघांची पानं शेजारी उघडून वाच, आधी थाओची कविता, मग सू शीची. सुरुवात मद्यपानावरच्या विसांतल्या पाचवीपासून कर. पूर्वेच्या कुंपणाशी शेवंती खुडता खुडता दक्षिणेचा डोंगर सहज दिसतो, ती.

धाकट्या भावाला पाठवलेल्या पत्रात सू शी म्हणतो की थाओची कविता वरून साधी पण खरं तर नक्षीदार, वरून रोडकी पण खरं तर भरलेली. त्याच पत्रात तो कबूल करतो की अर्धं आयुष्य नोकरीत घालवून आपण संकटं ओढवून घेतली, थाओपुढे लाज वाटते. थाओ आपणहून निघाला, सू शीला हाकललं गेलं. माझ्या मते जोडकवितांतला सगळा ताण इथलाच. ‘निसर्गकवी’ म्हणून दोघांना एका कप्प्यात टाकणारी पुस्तकं सध्या खुशाल बाजूला ठेव.